पासंग

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात
बावीस वर्षं मी काटे तपासतोय.
पारडं रिकामं करायला लावायचं
आणि बघायचं, शून्य शून्यावर येतं का.
आलं तर शिक्का, नाही तर नोटीस.
मापात पाप किती परीचं असतं
ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक!

घरी मात्र डबा उघडला की
माझा हात तळाच्या करपलेल्या पोळीकडे जातो.
बढतीची यादी निघाली तेव्हा मीच साहेबांना म्हणालो,
कुलथेचं बघा आधी, त्याची मुलं लहान आहेत.
दोनदा म्हणालो. दोन वेगळ्या साहेबांना.
वैजयंता गेली तेव्हा दारात थांबून बोलली,
"तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे
उठायच्या बेतात बसलेल्या पाहुण्याबरोबर राहायचं."
मी तिची बॅग रिक्षापर्यंत नेली.
सुट्टे पैसेही दिले.

परवा भुसार बाजारात
ओस्तवालांच्या गुळाच्या दुकानात काटा बघितला.
पारड्यात काही नाही, आणि चाळीस ग्रॅम.
पुन्हा बघितलं. चाळीस.
बिघडलेला काटा रोज नवं खोटं बोलत नाही,
तो एकच खोटं इमानदारीनं बोलतो.
"वडलांपासून असाच आहे साहेब,
आम्ही धरूनच चालतो," ओस्तवाल म्हणाले.
मी पारडं उलटं केलं.
खाली गूळ. वर्षानुवर्षांचा, काळा, दगड झालेला.
पोऱ्याने गरम पाणी आणलं,
मी स्वतः सुरीने खरवडत बसलो.
इतका वेळ बसलो की हमाल बघायला लागले.

रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये, सातवीत,
मामाकडे शिकायला ठेवलेला मी.
फॅक्टरीचा भोंगा नुकता वाजलेला.
तोंड धुऊन येत होतो, आणि ओट्यापाशी मामी
कुणाशी तरी, किंवा स्वतःशीच, म्हणाली,
"एक जास्तीचा झालाय."
बस्स. एवढंच.
मी मोरीत परत गेलो, पुन्हा तोंड धुतलं.
तेव्हापासून कुठल्याही पारड्यात पाऊल टाकायच्या आधी
माझं वजन भरलेलं असतं. एक. जास्तीचा.

रविवारी पिंपळे निलखला गेलो, मामेभावाकडे.
मामीला आता माणसं आठवत नाहीत.
सूनबाई तिला कणीक देतात हातात, गुंतून राहते म्हणून.
मला तिने ओळखलं नाही.
वाटलं होतं विचारेन. चाळीस वर्षांचा प्रश्न
खिशात घडी घालून नेला होता.
ती गोळे करत होती, ताटात मांडत होती,
बोट लावून मोजत होती. मग थांबली.
"एक जास्तीचा झालाय," म्हणाली,
आणि त्याच्यावर ओलं फडकं घातलं.
"असू दे. कुणी आलं तर."

तेव्हाही गोळाच होता का?
माहीत नाही. कदाचित तेव्हा मीच होतो,
महिनाअखेर होती, आणि ती थकलेली होती.
विचारलं नाही. ज्याने बोलायचं ते बोट
पिठाने माखलेलं होतं, आणि पुढचा गोळा मोजत होतं.

मग तिने मान वर केली.
"जेवलास का रे?"
जिभेवर तयारच होतं: झालंय माझं, तुम्ही घ्या.
ते वाक्य दातांना चिकटलं होतं गुळासारखं.
मी म्हणालो, "नाही."
आवाज भलताच मोठा आला.
सूनबाईंनी वळून पाहिलं.

वरची पोळी. तव्यावरून थेट.
बोटं भाजली.

मंगळवारी ऑफिसात चहा आला,
मी पुन्हा म्हणालो, नको, राहू दे.
पोऱ्या पुढच्या टेबलापर्यंत गेलाही.
शिक्का कायमचा नसतो, हे मीच लोकांना सांगतो,
मुदत संपली की काटा परत आणायचा, लाज वाटून घ्यायची नाही.
"अरे," मी हाक मारली,
"इकडे. एक दे."